पगारात न दिसणारा पगार : पर्क धरून आयकर कसा काढायचा

आयकराचा हिशेब करायला बसलेला माणूस पहिल्यांदा स्लॅबचा तक्ता उघडतो. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पेरोल बघते आणि डिसेंबर उजाडला की टेबलाशी येणाऱ्यांच्या हातात तोच तक्ता असतो. "मॅडम, पगार बारा लाख साठ हजार, स्टँडर्ड डिडक्शन पंचाहत्तर हजार. बाराच्या आत आलो की! मग टीडीएस कशाचा?" प्रश्न रास्त आहे (टीडीएस म्हणजे पगारातूनच आधी कापला जाणारा कर). पण स्लॅब ही शेवटची आणि सगळ्यांत सोपी पायरी. घोळ होतो तो सगळ्यांत वरच्या ओळीत, एकूण पगार ठरवताना. कंपनीची गाडी, बिनव्याजी कर्ज, क्वार्टर यांचे पैसे बँकेत जमा होत नाहीत, म्हणून ते कुणी धरत नाही. कायद्याच्या लेखी मात्र तोही पगारच. अशा सोयींनाच पर्क म्हणतात.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे. त्यामुळे २०२६-२७ साठी पद्धत हीच वापरा, पण दर आणि कलमांचे क्रमांक नव्याने बघून घ्या.

सीटीसी बाजूला ठेवा

ऑफर लेटरवरचा सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) आकडा या कामाला उपयोगाचा नाही. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता असतो. पगाराच्या १२ टक्क्यांपर्यंतचा कंपनीचा पीएफचा वाटा तुमच्या करपात्र पगारात येत नाही (पीएफ, एनपीएस ही पेन्शन योजना आणि कंपनीचा निवृत्ती निधी म्हणजे सुपरअॅन्युएशन मिळून कंपनीचा वाटा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला तर वरची रक्कम येते, पण तेवढा पगार असणारे माझ्या टेबलाशी फारसे येत नाहीत). ग्रुप मेडिक्लेमचा हप्ताही करमुक्त.

तेव्हा बारा महिन्यांच्या पगारपत्रकांतली डावी बाजू घ्या: बेसिक, डीए, एचआरए, स्पेशल अलाउन्स, ओव्हरटाइम, बोनस. वजा बाजूला काय कापलं गेलं ते आत्ता बघायचं नाही. पीएफ कापला, सोसायटीचा हप्ता कापला, म्हणून पगार कमी धरला असं होत नाही.

पर्क मोजायचे कसे

पर्कची किंमत बाजारभावाने किंवा तुमच्या समजुतीने ठरत नाही. आयकर नियमावलीतल्या नियम ३ मध्ये प्रत्येकाचं माप दिलेलं आहे. काही मापं फार उदार आहेत, काही नाहीत, म्हणून एकेक वेगळं बघावं लागतं.

गाडीचं उदाहरण घ्या. गाडी कंपनीच्या मालकीची, पेट्रोल आणि देखभाल कंपनीची, वापर कामाला आणि घरगुती असा दोन्हीकडे. इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिन्याला १,८०० रुपये, त्याहून मोठं असेल तर २,४००. ड्रायव्हर दिला असेल तर आणखी ९००. गाडी आठ लाखांची की बारा लाखांची, याचा इथे संबंध नाही. घरगुती वापराचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल तर हेच आकडे ६०० आणि ९०० होतात, ड्रायव्हरचे ९०० तसेच राहतात.

कंपनीचं बिनव्याजी कर्ज हा लोकांना सगळ्यांत चकवणारा पर्क. "मी तर कर्ज फेडतोय, मला मिळालं काय?" मिळालं ते न भरलेलं व्याज. वर्षाच्या १ एप्रिलला स्टेट बँकेचा त्याच प्रकारच्या कर्जाचा जो दर असेल तो घ्यायचा, प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी जी बाकी असेल तिच्यावर व्याज काढायचं आणि कंपनी काही व्याज घेत असेल तर ते वजा करायचं. सगळी कर्जं मिळून २०,००० च्या आत असतील तर काहीच धरायचं नाही. नियमात नेमून दिलेल्या आजारांवरच्या उपचारासाठी घेतलेल्या कर्जालाही सूट आहे.

दिवाळीची भेटवस्तू किंवा व्हाउचर वर्षभरात मिळून ५,००० च्या आत असेल तर शून्य. मात्र रोख पाकीट दिलं तर ते पूर्ण करपात्र, मग ते पाचशेचं का असेना. कँटीनचं जेवण कामाच्या वेळेत असेल तर एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत सूट, चहा-नाश्ता मोकळा. जेवणाच्या कुपनांची सूट मात्र नव्या करप्रणालीत (कर मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धतींपैकी वजावटी कमी असलेली) मिळत नाही. कंपनीच्या लॅपटॉपचा घरी वापर केला तर शून्य, कंपनीच्या फोनचं बिल शून्य. तोच लॅपटॉप जुना झाल्यावर स्वस्तात तुमच्या नावावर केला तर मात्र हिशेब लागतो: मूळ किमतीवर वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला, उतरत्या किमतीवर, ५० टक्के घसारा धरायचा आणि उरलेल्या किमतीतून तुम्ही दिलेले पैसे वजा करायचे. गाडीला हाच घसारा २० टक्के.

क्वार्टरबद्दल जरा सविस्तर, कारण साखर कारखान्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या वसाहतींत राहणाऱ्यांचा हा सगळ्यांत मोठा पर्क असतो. घर कंपनीच्या मालकीचं असेल तर १ सप्टेंबर २०२३ पासून असे दर आहेत: २०११ च्या जनगणनेनुसार ४० लाखांवर लोकसंख्येच्या शहरात पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाखांच्या शहरात साडेसात, बाकी सगळीकडे ५. म्हणजे मुंबईत १०, पुण्या-नागपुरात साडेसात, सोलापुरात किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी ५. कंपनीने घर भाड्याने घेऊन दिलं असेल तर प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यांतलं जे कमी ते. तुमच्याकडून भाडं कापत असतील तर ते वजा. फर्निचर दिलं असेल तर त्याच्या किमतीच्या १० टक्के वर चढवायचे. आणि इथे 'पगार' म्हणजे नुसतं बेसिक नव्हे, बोनस आणि करपात्र भत्तेही त्यात येतात. तालुक्याच्या गावी असा पगार ८ लाख असेल तर ५ टक्क्यांनी ४०,०००. महिन्याला १,००० रुपये भाडं कापलं जात असेल तर वर्षाचे १२,००० वजा होऊन पर्क २८,०००.

वजावटीत काय उरलं

नव्या करप्रणालीत पगारदाराच्या कामाच्या वजावटी दोनच आहेत असं धरून चाला. एक ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन, प्रत्येक पगारदाराला सरसकट मिळणारं. दुसरी कलम ८०सीसीडी(२) ची, म्हणजे कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम, बेसिक अधिक डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत. ही रक्कम आधी पगारात मिळवायची आणि मग वजा करायची. बरेच जण मिळवायचं विसरतात आणि वजा मात्र करतात.

एचआरएची सूट, ८०सी (पीएफ, विमा यांसारखी गुंतवणूक), ८०डी (मेडिक्लेमचा हप्ता), प्रोफेशनल टॅक्स, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज हे सगळं फक्त जुन्या प्रणालीत. तिथे स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००.

एक पूर्ण हिशेब

समजा, पुण्यात भाड्याने राहणारा एक इंजिनिअर आहे. त्याचा वर्षाचा पगार असा:

बेसिक ६,००,०००
एचआरए २,४०,०००
स्पेशल अलाउन्स ३,३६,०००
बोनस ८४,०००
एकूण १२,६०,०००

इथे थांबलं तर ७५,००० वजा जाऊन ११,८५,००० उरतात. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए खाली ६०,००० पर्यंत रिबेट, म्हणजे लागलेल्या करातून सूट, आहे, त्यामुळे कर शून्य. आता पर्क धरू.

कंपनीची १.२ लिटर इंजिनची गाडी, ड्रायव्हर नाही: १,८०० × १२ = २१,६००.

बिनव्याजी कर्ज: १ एप्रिलला बाकी २,४०,०००, दरमहा २०,००० कापले जातात. एप्रिलअखेर २,२०,०००, मेअखेर २,००,०००, असं करत मार्चअखेर शून्य. बारा महिनाअखेरच्या बाक्यांची बेरीज १३,२०,०००. स्टेट बँकेचा दर समजा १० टक्के, तर १३,२०,००० × १० टक्के ÷ १२ = ११,०००.

जुना लॅपटॉप: मूळ किंमत ६०,०००, तीन पूर्ण वर्षं वापरलेला. ३०,०००, १५,०००, ७,५००. इंजिनिअरने १,००० भरून घेतला, म्हणून पर्क ६,५००.

दिवाळीचं ४,००० चं व्हाउचर: शून्य.

पर्कची बेरीज ३९,१००. एकूण पगार १२,९९,१००, त्यातून ७५,००० गेले, करपात्र उत्पन्न १२,२४,१००.

आता स्लॅब. ४ लाखांपर्यंत शून्य. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, म्हणजे ४०,०००. पुढच्या २४,१०० वर १५ टक्के, म्हणजे ३,६१५. एकूण ६३,६१५. (त्यापुढे १६ ते २० लाखांना २०, २० ते २४ ला २५ आणि २४ च्या वर ३० टक्के.) उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्यामुळे रिबेट गेला, पण इथे मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर लागत नाही. म्हणून कर २४,१००. त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर, ९६४. एकूण २५,०६४, दहाच्या पटीत २५,०६०.

हातात एक रुपयाही वाढीव न येता शून्याचे पंचवीस हजार झाले. टेबलाशी आलेल्या माणसाला मी हा कागद नेहमी पूर्ण लिहून देते, कारण तोंडी सांगितलं तर ते अन्यायासारखं ऐकू येतं.

करपात्र उत्पन्न १२ लाख ते साधारण १२,७०,५०० या पट्ट्यात असेल तर फार जपून वागा. या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक रुपयावर सेस धरून एक रुपया चार पैसे कर जातो. बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, फेब्रुवारीत आलेला छोटा इन्सेंटिव्ह, सगळं यात मोजलं जातं. याच पट्ट्यातल्या माणसाने कंपनीच्या एनपीएसचा विचार नक्की करावा. आपल्या इंजिनिअरच्या स्पेशल अलाउन्समधून महिन्याला २,५०० रुपये कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले, तर वर्षाचे ३०,००० होतात. ते बेसिकच्या ५ टक्केच आहेत, मर्यादेच्या खूप आत. करपात्र उत्पन्न ११,९४,१०० वर येतं आणि कर शून्य. वर फक्त ५,९०० ची जागा उरते, तेव्हा बँकेचं व्याज त्याहून जास्त असेल तर एनपीएसची रक्कम थोडी वाढवावी. पैसा निवृत्तीसाठी अडकतो, हे खरं. पण नाहीतर त्यातले पंचवीस हजार करात गेलेच असते. हा बदल वर्षाच्या सुरुवातीला करायचा असतो. मार्चमध्ये मागचे महिने फिरवता येत नाहीत.

जुनी प्रणाली एकदा तपासा

त्याच इंजिनिअरचं भाडं महिन्याला १८,००० आहे. एचआरएची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याइतकी: मिळालेला एचआरए २,४०,०००; भाडं वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे २,१६,००० − ६०,००० = १,५६,०००; आणि बेसिकचे ४० टक्के, २,४०,०००. सूट १,५६,०००. ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला आहेत, पुणे त्यात येत नाही. पुण्यातल्या भाड्यांकडे बघून हे पटत नाही, पण २०२५-२६ चा नियम तोच. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, तो आधीच मागून ठेवा.

१२,९९,१०० मधून १,५६,०००, ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी चे १,५०,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या मेडिक्लेमचे ४०,००० गेले. उरले ९,००,६००. जुन्या स्लॅबप्रमाणे अडीच ते पाच लाखांवर १२,५००, पुढच्या ४,००,६०० वर २० टक्क्यांनी ८०,१२०. सेस धरून ९६,३२०. नव्या प्रणालीच्या बरोबरीला येण्यासाठी आणखी ३,४२,६०० रुपयांच्या वजावटी लागतील. या पगाराच्या माणसाने केवळ कर वाचवायला मार्चमध्ये नवी विमा पॉलिसी घेऊ नये, एवढं मी कळकळीने सांगते.

कंपनीला काहीच कळवलं नाही तर टीडीएस नव्या प्रणालीने कापला जातो. विवरणपत्र मुदतीत भरताना पगारदाराला प्रणाली बदलता येते.

फॉर्म १६ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) हातात आला की भाग ब मधली कलम १७(२) ची, म्हणजे पर्कची, रक्कम आणि सोबतच्या फॉर्म १२बीए मधली पर्कची बेरीज जुळते का ते आधी बघा. १२बीए मध्ये प्रत्येक पर्कची वेगळी ओळ असते: गाडी, कर्ज, घर, भेटवस्तू. गाडी जुलैत परत केली आणि आकडा बारा महिन्यांचा लागला, किंवा तुमच्याकडून कापलेलं भाडं वजा झालेलं नाही, अशा गोष्टी त्या ओळींतच सापडतात. सापडलं तर लगेच पेरोलला लेखी कळवा आणि दुरुस्त फॉर्म मागा, कारण विवरणपत्रात तुम्ही वेगळा आकडा भरला तर तो कंपनीने भरलेल्या २४क्यू या टीडीएसच्या विवरणपत्राशी जुळणार नाही आणि नोटीस तुमच्या नावाने येईल.