नाशिकमध्ये राहून प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीची तयारी

प्रॅक्टिकल नेमबाजीत होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, पळायचं, आडोशामागची टार्गेट हुडकायची, पळता पळता मॅगझीन बदलायचं, आणि हे सगळं टायमर चालू असताना. हा खेळ चालवणारी जागतिक संघटना म्हणजे आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन). ती 1976 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कोलंबिया इथे स्थापन झाली. तिच्या ब्रीदात अचूकता आधी येते, ताकद नंतर आणि वेग सर्वांत शेवटी. नवशिक्या नेमका उलटा चालतो, म्हणून बहुतेकांची पहिली मॅच फसते.

आधी कायद्याचं. सामान्य परवानाधारकासाठी 9 मिलीमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) आहे, आणि आयपीएससीच्या हँडगनला तोच किमान लागतो. परवान्यावर मिळणारं .32 चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले 1000, याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो किमान 125 लागतो. .32 ची 71 ग्रेनची गोळी 900 फुटांनी गेली तरी 64 च्या आसपास भरते. 9 मिलीमीटरची 124 ग्रेनची गोळी 1050 फुटांनी गेली की 130 होतात. म्हणजे नाशिककर नागरिकाने घरी पिस्तूल बाळगून हा खेळ खेळायचा, हे होणे नाही. पण हातसफाई, सुरक्षेच्या सवयी आणि डोक्यातलं गणित इथेच तयार होऊ शकतं. खरी मॅच मग अशा देशात खेळावी जिथला क्लब पाहुण्याला क्लबचंच पिस्तूल आणि गोळ्या कायदेशीरपणे वापरू देतो. 2022 ची जागतिक स्पर्धा थायलंडच्या पट्टायात झाली होती, म्हणजे हे जग फार लांब नाही. आयोजकांना आधी ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात: सुरक्षा-चाचणी लागते का, पिस्तुलासोबत होल्स्टर आणि मॅगझीन मिळतात का, आणि नाव कोणत्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसारच्या गटात, लागेल.

सुरुवात एअर पिस्तुलाने करा. नाशिकला नेमबाजीची परंपरा आहे. पॅरिस ऑलिंपिकचे पदकविजेते स्वप्नील कुसाळे यांनी रायफलचे सुरुवातीचे धडे इथेच गिरवले. .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, पण सराव क्लबच्या रेंजवरच करा. 10 मीटरवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलीमीटरचं आणि ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम. इतक्या बारीक कामात ट्रिगर झटक्याने ओढला की लगेच कळतं: उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे खाली डावीकडे जमायला लागतात. पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) स्पष्ट, टार्गेट धूसर, आणि बोट सरळ मागे, एवढं सहा महिने घोटवा. वेगाच्या मागे लागलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. तरी सोडू नका, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं राहतं.

एअर पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात जपा. जून ते सप्टेंबर त्र्यंबक-इगतपुरीकडची हवा इतकी दमट असते की पंपातून पाणीच आत जातं आणि आतून गंज धरतो. सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त पंप मारू नका, मध्ये थांबून खालचा स्क्रू सोडून ओल बाहेर काढा आणि पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलटी गंमत होते: सकाळी बोटं आखडतात आणि ट्रिगरचा अंदाजच येत नाही. पहिल्या छर्‍याआधी दहा मिनिटं हात ऊबेत ठेवा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर गार पाण्याने आणि साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं नाही, वडापावसुद्धा.

यानंतर क्लबच्या .22 पिस्तुलावर 25 मीटरचा रॅपिड फायर. एका ओळीत पाच टार्गेट, प्रत्येकाला एक गोळी, आणि वेळ आठ, मग सहा, मग चार सेकंद. आपल्याकडे रीतसर शिकता येणाऱ्या प्रकारांत प्रॅक्टिकलला सर्वांत जवळचा हाच. विजयकुमार यांचं 2012 च्या लंडन ऑलिंपिकचं रौप्य याच प्रकारातलं. इथे शिकायचं ते असं: गोळी सुटली की डोळे आधी पुढच्या टार्गेटवर जातात, पिस्तूल मागून येतं. पिस्तूल आणि डोळे एकत्र वळवले तर ते टार्गेट ओलांडून पुढे जातं आणि परत आणण्यात अर्धा सेकंद खर्ची पडतो. स्वतःचं .22 घ्यायचं झालं तर परवाना शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायचा. ते काम लांबतं, तोवर क्लबच्या शस्त्रावर भागवावं.

आता घरचा सराव. द्राक्षाच्या हंगामात बाजारात खोक्यांचा पुठ्ठा ढिगाने मिळतो, तो घ्या. आयपीएससीचं कागदी टार्गेट साधारण 57 सेंटिमीटर उंच आणि 45 रुंद असतं. पुठ्ठ्यावर त्याची एक तृतीयांश प्रत काढा, म्हणजे 19 बाय 15, आणि मधोमध 5 सेंटिमीटर रुंदीची उभी ए-पट्टी, म्हणजे सर्वांत जास्त गुणांचा भाग, आखा. ती 3.3 मीटरवर टांगली की डोळ्याला 10 मीटरवरच्या टार्गेटएवढी दिसते. मॅचच्या एअर पिस्तुलाची मूठ हाताच्या मापाने कोरलेली असते, ती होल्स्टरमध्ये बसणार नाही. यासाठी निष्क्रिय प्लॅस्टिकचं किंवा लाकडात कोरून घेतलेलं सराव-पिस्तूल वापरा. खोलीत एकही गोळी नको, पडदे बंद, आणि गच्ची किंवा गॅलरी तर नकोच. खालून पाहणाऱ्याला ते खरंच वाटतं, आणि मग दारात पोलिस.

ड्रॉ करताना, म्हणजे होल्स्टरमधून पिस्तूल काढताना, पहिल्या बीपला दोन्ही हात एकाच वेळी हलतात. उजवा हात मुठीवर जितका उंच बसेल तितका, तळव्याचा वरचा काठ मागच्या वळणात घट्ट. डावा हात छातीशी थांबतो. तो पुढे तरंगत राहिला तर नळीच्या समोर येतो. पिस्तूल होल्स्टरबाहेर येताच नळी पुढे वळते, दोन्ही हात छातीसमोर भेटतात आणि सरळ रेषेत पुढे जातात. बोट ट्रिगर-गार्डच्या आत जाईल ते साइट टार्गेटवर आल्यावरच, त्याआधी नाही. फोनवरच्या टायमर ॲपमध्ये 3 सेकंदांची मर्यादा लावा. दहापैकी आठ ड्रॉ स्वच्छ निघाले की 0.2 ने कमी करा, सातच निघाले तर तिथेच थांबा. दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात. त्यापुढे मनगट थकतं आणि चुकीचीच सवय पक्की होते.

गुणांचं गणित तोंडपाठ हवं. मायनरमध्ये, म्हणजे 125 च्या किमान पॉवर फॅक्टरच्या गटात, टार्गेटच्या ए भागाला 5, सी ला 3, डी ला 1. टार्गेट चुकलं की उणे 10, नो-शूटला (ज्यावर गोळी मारायची नाही अशा टार्गेटला) लागली तरी उणे 10, आणि कृतीतली चूकही उणे 10. एकूण गुण भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. सहा टार्गेट, प्रत्येकी दोन गोळ्या, असा 12 गोळ्यांचा छोटा स्टेज, म्हणजे मॅचमधला एक टप्पा, धरा. एकीने 8 सेकंदांत 10 ए आणि 2 सी मारले: 56 गुण, हिट फॅक्टर 7. दुसरा 6.5 सेकंदांतच आला, पण 7 ए, 4 सी आणि एक गोळी वाया: 35 अधिक 12 वजा 10, म्हणजे 37, आणि हिट फॅक्टर 5.69. दीड सेकंद आधी येऊनही तो बराच मागे पडला. याच स्टेजला 7 च्या गतीने हिशेब केला तर ए ऐवजी सी लागल्याची किंमत 0.29 सेकंद, डी ची 0.57 सेकंद, आणि चुकलेल्या गोळीची तब्बल 2.14 सेकंद, कारण 5 गुण हुकतात आणि वर 10 कापले जातात. म्हणून जवळच्या टार्गेटवर सी ची फिकीर करू नये. लांबच्या किंवा नो-शूटने झाकलेल्यावर मात्र अर्धा सेकंद जास्त घ्यावा. हे मैदानावर सुचत नाही, घरीच ठरलेलं हवं.

सुरक्षेचे नियम एकदा वाचून सोडून देऊ नका. या खेळात त्यातल्या एकाही चुकीला माफी नाही, थेट बाद. रेंजवर आरओच्या, म्हणजे रेंज ऑफिसरच्या, हुकमाखेरीज प्रत्येक पिस्तूल रिकामंच असतं. सेफ्टी एरियात रिकामं पिस्तूल हाताळता येतं, पण गोळ्या किंवा डमी गोळ्यासुद्धा तिथे हातात घ्यायच्या नाहीत. नवखा इथेच फसतो: खिशातून भरलेलं मॅगझीन काढून बसवून बघतो, आणि त्याची मॅच स्टेजवर जाण्याआधीच संपते. पिस्तूल हातून पडलं तर उचलू नका. हात बाजूला घ्या आणि आरओला बोलवा. ते उचलणं त्याचंच काम. पळताना, मॅगझीन बदलताना, अडकलेली गोळी काढताना बोट गार्डबाहेर. आणि नळी कधीही 90 अंशांच्या रेषेपलीकडे जाता कामा नये. उजव्या हाताच्या नेमबाजाला ही रेषा सर्वांत जास्त चकवते ती उजवीकडून डावीकडे पळत मॅगझीन बदलताना, कारण शरीर डावीकडे वळलेलं असतं, मनगटही डावीकडे झुकतं आणि नळी हळूच मागे सरकते. घरी भिंतीवर खडूने उभी रेघ मारा, त्या दिशेला शंभरदा चाला, नळी रेघेच्या आतच राहील असं बघा. जमेना तर पळताना बदलू नका. थांबून बदला आणि मग पळा.

हुकूम इंग्रजीतच असतात. लोड अँड मेक रेडी ऐकल्यावरच पिस्तूल भरायचं, आणि यानंतर जागा सोडायची नाही. आर यू रेडी याला उत्तर दिलं नाही तर तयार आहात असं धरलं जातं, म्हणून तयार नसाल तर स्पष्ट नॉट रेडी म्हणा. स्टँडबाय म्हटल्यावर एक ते चार सेकंदांत बीप येतो. संपल्यावर इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर. इथे क्रम चुकवू नका: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, चेंबर आरओला दाखवा. उलट केलं तर मॅगझीनमधली पुढची गोळी पुन्हा चेंबरमध्ये चढते, आणि आरओने हॅमर डाऊन (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबा) म्हणताच नळी मातीच्या बांधाकडे असूनही गोळी सुटते. त्यावर बाद. घाईत प्रत्येक हंगामात कोणीतरी हेच करतं.

स्टेज बघायला मिळणाऱ्या वेळेत आधी टार्गेट मोजा, मग गोळ्या. छोट्या स्टेजला 12, मध्यमला 24, लांबला 32 पर्यंत गोळ्या. प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये मॅगझीनला 15 गोळ्यांची मर्यादा, तेव्हा लांब स्टेजला 15 आणि 15 मिळून पुरत नाहीत. कमरेवर किमान चार मॅगझीन लावा आणि दोन्ही बदल एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याच्या वेळात टाका. रिकामं होण्याची वाट बघत उभं राहून बदललं तर दीड-दोन सेकंद फुकट. सगळं ठरलं की डोळे मिटून सगळा मार्ग मनातल्या मनात चालून या, प्रत्येक टार्गेटचा रंग आणि जागा दिसेपर्यंत. कुठे धूसर झालं तर परत जाऊन बघा. पोलादी पॉपर पडलाच पाहिजे. उभा राहिला तर चुकलाच. त्यामुळे पॉपरवर नजर पुरती टिकवा, पडण्याची वाट बघत पिस्तूल मात्र रेंगाळू देऊ नका.

कान आणि डोळ्यांचं संरक्षण रेंजवर पाऊल टाकल्यापासून हवं, आपली पाळी नसली तरी. स्टेज आटोपल्यावर गुण मोजणाऱ्यासोबत फिरा. नोंदलेला आकडा आणि टार्गेटवरची भोकं जुळतात का तिथल्या तिथे पाहा, कारण सही केल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. मग आपल्या स्क्वॉडसोबत टार्गेटवर चिकटपट्ट्या लावायला जा. तुम्ही उभे राहिलात आणि बाकीच्यांनी पट्ट्या लावल्या, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं.