बेसिकमधलं वेब ॲप ब्राउझरमध्ये रखडतंय? आधी हे बघा

ॲपस्टुडिओसारख्या ॲप बनवायच्या टूलमध्ये तुम्ही बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड लिहिला तरी ब्राउझरमध्ये पळतं ते जावास्क्रिप्टच, त्यामुळं स्लो झालं की बेसिकला शिव्या घालून काय उपयोग नाही. पहिल्यांदा इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा, तिथं सुसाट पळालं तर बहुतेक एखादं एक्स्टेन्शन नाहीतर जुना कॅश (ब्राउझरनं साठवून ठेवलेल्या फाइली) नडतोय. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर येतो, कुठला टॅब किती मेमरी खातोय ते लगेच कळतं.

पण खरा घोळ बहुतेक वेळा लूपमध्येच, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या कोडमध्येच असतो. समजा चादरीच्या दुकानाचं स्टॉक ॲप आहे, दोन हजार डिझाइनची यादी दाखवायचीय आणि तुम्ही फॉर-नेक्स्टच्या प्रत्येक फेरीला पेजवर एक ओळ चिकटवताय, वर मधेच तिची उंची पण विचारताय, तर ब्राउझर दरवेळी लेआउट नव्यानं मोजत बसतो आणि तोवर बटणं पण दबत नाहीत. सगळा मजकूर आधी एका स्ट्रिंगमध्ये (मजकूर साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) गोळा करा, लूप संपल्यावर एकदाच पेजवर टाका. डीबगसाठी, म्हणजे चुका शोधायला टाकलेले प्रिंट पण काढा, कन्सोल (ते मेसेज दिसतात ती ब्राउझरची खिडकी) उघडा असला की ते लई वेळ खातात. तरी नाही सापडलं तर एफ१२ दाबून परफॉर्मन्स टॅबमध्ये रेकॉर्ड करा, ५० मिलिसेकंदांच्या वर गेलेल्या कामावर लाल खूण दिसते, आधी तेच धरा.

आणि हो, सोलापूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप स्पीड कमी करतो, लाइट गेल्यावर बॅटरी सेव्हरमध्ये पण तेच. भर दुपारी टाइम मोजून कोड बदलत बसू नका राव, चार्जर लावून फॅनखाली परत मोजा.