गॅरेजच्या पाटीवर जाड, तिरकं स्लॅब अक्षर

गॅरेजवाला किंवा टायरवाला पाटी रंगवून घ्यायला आला की इंग्रजी नावासाठी मी जाड, तिरकं स्लॅबच काढतो. या अक्षराच्या टोकांना ठोकळ्यासारखे चौकोनी पाय असतात. छपाईचे खिळे ओतणाऱ्या लंडनच्या विन्सेंट फिगिन्सने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं अक्षर ओतलं. लांबून वाचायचं असेल तिथेच ते वापरा. पत्ता आणि फोन नंबर साध्या अक्षरात लिहा.

८ बाय ३ फुटी पाटी धरू. इंग्रजी अक्षर १० इंच उंच, उभा दांडा २ इंच, पाय सव्वा इंच जाड. खडूची दोरी मारून वरची-खालची रेघ पाडा. मग पुठ्ठ्याचा काटकोनी त्रिकोण कापा: उंची १० इंच, पाया २ इंच. तो खालच्या रेघेवर सरकवत दर वितीवर तिरकी रेघ ओढा. हे टाळू नका. माझ्या पहिल्या मोठ्या पाटीवर मी पहिलंच अक्षर मापून काढलं, पुढची नजरेने. शेवटचा 'ई' जवळजवळ सरळ उभा राहिला आणि अख्खी ओळ टर्पेंटाइनने पुसावी लागली.

दांडे तिरके, पण पाय जमिनीला समांतरच. फक्त पायांची टोकं त्रिकोणाच्या कलाने कापायची.

खरी परीक्षा 'ओ' आणि 'जी'ची. सरळ 'ओ' नुसता ढकलून तिरका केला, की वर उजवीकडे आणि खाली डावीकडे त्याला फुगवटा येतो. त्या दोन्ही जागी आतून थोडं तासा. संगणकावर साधा फॉन्ट तिरका केला तरी हाच दोष येतो. म्हणून हात बसेपर्यंत रॉकवेल किंवा मोफत मिळणाऱ्या झिला स्लॅब या फॉन्टचा खरा बोल्ड इटॅलिक, म्हणजे मुळातच जाड-तिरका काढलेला, छापून समोर ठेवा.

'आर'नंतर 'ए' आला की दोघांचे पाय एकमेकांवर चढतात. अंतर वाढवलं तर शब्द तुटतो. समोरासमोरचे पाय अर्धा-अर्धा इंच आखूड करा, डोळ्याला कळतही नाही.

मराठी नाव वर हवं आणि इंग्रजीपेक्षा लहान नको. महाराष्ट्रातला कायदाही तेच सांगतो. ते मी तिरकं करत नाही. केलं तर शिरोरेघ आडवीच राहते, काना मात्र कलंडतो आणि वेलांटी मोडल्यासारखी दिसते. त्याऐवजी शिरोरेघ सव्वा इंच घ्या, म्हणजे इंग्रजीच्या पायांइतकीच. दोन लिप्या एका घरच्या दिसायला एवढं पुरतं.

रंग लावण्याआधी रस्त्यापलीकडे जाऊन खडूची पाटी वाचा. मग चपट्या ब्रशने आधी पायांच्या कडा बांधा, नंतर पोट भरा. पहिला हात रात्रभर सुकू द्या. बोट लावून चिकट लागला तर दुसरा हात मारू नका, सुरकुत्या पडतात.