सफरचंदाच्या खपलीवर टिकाऊ प्रतिकार: एका जनुकावर थांबू नका

सफरचंदावर खपली, म्हणजेच स्कॅब, पाडणारी बुरशी व्हेंचुरिया इनइक्वालिस. काश्मीरमध्ये १९७३ साली आणि हिमाचलात १९८३ साली तिच्या मोठ्या साथी आल्या, आणि त्यानंतर फवारणीचं वेळापत्रक बागायतदारांच्या मानगुटीवर बसलं ते कायमचंच. प्रतिकाराचं जनुक झाडात घालण्याची पद्धत आता चांगली बसली आहे. तो प्रतिकार टिकवणं मात्र अवघड आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून आखणी त्याच हिशोबाने करा.

मॅलस फ्लोरिबुंडा ८२१ या रानटी सफरचंदाचा संकर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९१४ साली सुरू झाला, आणि त्यातून ‘प्रिमा’ हा वाण बाजारात यायला १९७० उजाडलं. रानफळाचा बारीक आकार आणि आंबटपणा घालवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या उलट संकर, म्हणजे संकरित रोपाचा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर, करावे लागले. या झाडाचं प्रतिकार-जनुक म्हणजे आरव्हीआय-६ (जुनं नाव व्हीएफ). पुढे ते वेगळं काढून ‘गाला’ या वाणात घातलं गेलं. चव, रंग, साठवण सगळं गालाचंच राहिलं, फक्त खपलीला विरोध वाढला.

पण हेच जनुक असलेल्या झाडांवर जर्मनीत १९८०च्या दशकातच खपली दिसली. हे जनुक पेशीच्या बाहेरच्या बाजूला एक पहारेकरी प्रथिन उभं करतं. बुरशीने ज्या खुणेवरून ती ओळखली जाते ती खूणच बदलली, की पहारेकरी आंधळा होतो. त्यामुळे झाडात घालायच्या जनुक-रचनेत एकटं आरव्हीआय-६ ठेवू नका. सोबत आरव्हीआय-१५ घ्या. त्याचं प्रथिन पेशीच्या आत काम करतं आणि त्याची जातकुळीच वेगळी आहे. दोन्ही खुणा एकाच वेळी बदलणं बुरशीला फार जड जातं. दोन्ही जनुकं एकाच टी-डीएनएवर (अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू झाडाच्या पेशीत सोडतो तो डीएनएचा तुकडा) ठेवा, म्हणजे ती झाडात एकत्र जातील आणि पुढच्या संकरात वेगळी होणार नाहीत. प्रवर्तक (जनुक चालू करणारा सुरुवातीचा भाग) आणि शेवटचा भाग सफरचंदाच्या मूळ जनुकाचेच वापरा.

जनुक गेलेल्या पेशी निवडण्यासाठी लागणारं, कानामायसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारं जनुक नंतर काढून टाकता येईल अशी सोय करा. त्याच्या दोन्ही बाजूंना पुनर्संयोजनाच्या, म्हणजे डीएनए कापून जोडण्याच्या, जागा ठेवायच्या आणि मध्ये डेक्सामिथासोन या औषधाने चालू होणारं, तो मधला भाग कापून टाकणारं रिकॉम्बिनेज हे विकर. सोबत ५-फ्लुरोसायटोसिन या रसायनाचं विष करणारं कोडए जनुक ठेवलं, तर त्या रसायनावर फक्त ‘साफ’ झालेल्या, म्हणजे हा भाग निघून गेलेल्या, पेशी वाचतात. स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केलेला गाला याच मार्गाने तयार झाला.

भारतात कामाला हात लावण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्या. पुढचा रस्ता आरसीजीएम (जनुकीय बदलांच्या प्रयोगांची केंद्रीय आढावा समिती) आणि जीईएसी (पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती) यांच्याकडे जातो. २०२२ मध्ये काही जनुक-संपादित झाडांना मिळालेली सूट या कामाला लागू नाही, कारण इथे अख्खं जनुक बाहेरून घातलेलं असतं.

पानापासून रोपापर्यंत

टिश्यू कल्चरमधल्या चार आठवड्यांच्या फुटव्यांची टोकाकडची तीन-चार नुकती उलगडलेली पानं घ्या. जून पानं फुटत नाहीत. देठ काढा आणि पात्याला मुख्य शिरेवर आडव्या चिरा द्या, कारण नवे कोंब बहुतेक तिथूनच निघतात. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजलेल्या ०.५ घनतेपर्यंत वाढवा आणि द्रवात जिवाणूला चेतवणारं १०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन घाला. तुकडे वीस मिनिटं बुडवा, निर्जंतुक कागदावर टिपा आणि तीन दिवस अंधारात २२ अंशांना ठेवा. टिपण्यात कसूर झाली, तर जिवाणू पानावर साय धरतो आणि मग कोणत्याही प्रतिजैविकाला आवरत नाही.

मग एमएस (मुराशिगे-स्कूग) या पोषक माध्यमावर हलवा: लिटरला ३० ग्रॅम साखर, सामू ५.८, टीडीझेड (कोंब फोडणारं संजीवक) १ ते ५ मि.ग्रॅ., एनएए (ऑक्झिन प्रकारचं संजीवक) ०.१ ते ०.२ मि.ग्रॅ., सेफोटॅक्सिम (जिवाणू मारणारं प्रतिजैविक) ३०० मि.ग्रॅ. आणि कानामायसिन १०० मि.ग्रॅ. प्रतिजैविकं माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केल्यानंतर, माध्यम ५० अंशांखाली आल्यावरच घाला. कानामायसिनचा आकडा आपल्या वाणावर तपासून ठरवा. जनुक न घातलेला एकही तुकडा जगू नये, इतकाच तो असावा. पहिले चार आठवडे पूर्ण अंधार. दर दोन-तीन आठवड्यांनी नवं माध्यम. शंभर तुकड्यांमागे एक-दोन खरे कोंब मिळाले तरी चांगलं, त्यामुळे शेकड्यांनी तुकडे लावा.

कोंब काचेसारखे चकचकीत, पाणेरी दिसू लागले, तर टीडीझेड जास्त झालं आहे. पटकन बीएपी हे दुसरं संजीवक असलेल्या माध्यमावर हलवा. मुळं धरत नसतील, तर भांडत बसू नका, खुंटावर सूक्ष्म कलम करा.

तपासणीत घाई नको

पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून दाखवणारी चाचणी) पट्टी दिसली म्हणजे काम झालं असं नाही. पानात दडून बसलेला अ‍ॅग्रोबॅक्टेरियमही तीच पट्टी देतो. म्हणून टी-डीएनएच्या बाहेरचं व्हीआयआर-जी हे जिवाणूचंच जनुक सोबत तपासा. ते मिळालं, तर तो नमुना बाद. सदर्न ब्लॉटवर (जनुकाच्या किती प्रती बसल्या ते दाखवणारी चाचणी) एकच प्रत असलेल्या ओळी निवडा. गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आहे का, ते फ्लो सायटोमीटर या पेशीतला डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर पाहा. निवड-जनुक काढल्यावर खालच्या, मधल्या आणि वरच्या पानांची वेगवेगळी तपासणी करा. काही पेशी साफ आणि काही नाहीत अशी मिश्र रोपं सर्रास निघतात.

जनुक कुठे बसलं तिथल्या शेजारच्या डीएनएचा अनुक्रम काढून ठेवा आणि प्रत्येक कलमाच्या वेळी त्यावरून ओळख पटवा. अमेरिकेत करपारोधक चेस्टनटच्या ‘डार्लिंग ५८’ या ओळीची म्हणून वाढवलेली झाडं प्रत्यक्षात ‘डार्लिंग ५४’ची होती, हे २०२३ मध्ये उघड झालं. लेबल नीट असतं, तर इतकी वर्षं वाया गेली नसती.

रोगाची चाचणी कलमी रोपांवर करा. मिलीलिटरला दोन ते चार लाख बीजाणू फवारा आणि १८ ते २० अंशांना ४८ तास पानं ओली राहतील असं झाकून ठेवा. फवारण्याआधी सर्वांत वरच्या उलगडलेल्या पानाच्या देठाला धागा बांधा. जून पान सफरचंदात आपसूकच खपलीला दाद देत नाही, त्यामुळे धागा नसेल तर साधा गालाही ‘प्रतिकारक’ वाटतो. चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी भिंगाखाली पाहा. मखमली, शेवाळी, बीजाणूंनी भरलेला डाग असेल, तर रोप हरलं. पिवळट, सुरकुतलेला, कोरडा डाग म्हणजे लढत झाली आणि झाड जिंकलं, असं रोप फेकू नका.

तुलनेला साधा गाला आणि आरव्हीआय-६ असलेला ‘फ्लोरिना’ हवाच. शिवाय आरव्हीआय-६ मोडणारी बुरशीची जात वेगळी लावून पाहा. फ्लोरिना तिथे पडला आणि दोन जनुकांचं रोप उभं राहिलं, तरच दुसरं जनुक खरंच कामाला आहे हे कळतं.

बागेत

परवानगीच्या क्षेत्रात लावल्यावर फवारणी एकदम शून्यावर आणायचा मोह आवरा. बुरशी हिवाळा पडलेल्या पानांत काढते आणि तिथेच तिचा लैंगिक संकर होऊन नवी रूपं तयार होतात. पानगळीच्या वेळी ५ टक्के युरिया फवारा, पानं बारीक करून कुजू द्या. वसंतात बीजाणू सुटतात तेव्हा एक-दोन संरक्षक फवारण्या ठेवा.

खपलीची फवारणी थांबली, की तिच्या आड दबलेले रोग डोकं वर काढतात. युरोपात न फवारलेल्या खपलीरोधक वाणांवर मार्सोनिना बुरशीमुळे होणारी पानगळ अशीच पसरली, आणि हिमाचलातही ती डोकेदुखी आहे. वर घातलेली दोन्ही जनुकं तिला किंवा भुरीला रोखत नाहीत.

दर पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी कोवळी पानं उलटून-पालटून पाहा. प्रतिकारक झाडावर एकही मखमली डाग दिसला, तर पान कागदी पिशवीत सुकवा, एकाच बीजाणूपासून संवर्धन काढा आणि प्रयोगशाळेतल्या रोपांवर पुन्हा लावून पाहा. निकाल हाती येईपर्यंत तो तुकडा नेहमीच्या बागेसारखा फवारा, आणि तिथल्या काड्या कलमासाठी कुणालाही देऊ नका.