नाशिकात नवीन आलात? आधी ‘अ‍ॅसिडिटी’चा अर्थ समजून घ्या

नाशिकला बस्तान बसायच्या आतच कोणीतरी तुम्हाला गंगापूर धरणाकडे वायनरी दाखवायला नेणार. ओतणारा मुलगा ग्लास पुढे करून म्हणेल, ‘हिची अ‍ॅसिडिटी मस्त आहे.’ दचकू नका. मी २००६ साली रत्नागिरीहून इथे एका वायनरीच्या लॅबमध्ये नोकरीला आले, तेव्हा हा शब्द ऐकून मला पहिल्यांदा जेलुसिलच आठवलं होतं.

इथे अ‍ॅसिडिटी म्हणजे वाइनचा आंबटपणा. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबट भरपूर. घशात ऊब उतरली तर दारूचं प्रमाण जास्त. एवढी खूण सुरुवातीला पुरे. व्हाइट वाइनचा पीएच (आकडा जितका लहान तितकं आंबट) साधारण ३ ते ३.४ असतो, रेडचा त्याहून थोडा वर. म्हणजे ताकापेक्षा कितीतरी आंबट, पण लिंबाच्या रसाइतकी नाही. त्यातही वाइन गोडसर असली तर तोंड वाकडं होत नाही, कारण गोडी आंबटाला झाकते. सरबताचंही तेच की.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन: चिंचेतलं टार्टारिक आणि हिरव्या सफरचंदातलं मॅलिक. मॅलिक उन्हाने जळतं, रात्री गार असल्या की टिकतं. म्हणून निफाडचा पारा घसरला की खायच्या द्राक्षांचे बागायतदार मण्यांना तडे जातील या धास्तीने बागेत शेकोट्या पेटवतात, आणि आमच्या लॅबमध्ये मात्र हळूच खुशी असायची. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम. ऊन चढलं की साखर वाढते, आंबट उतरतं, आणि दोन्हींचा मेळ बसेल तो दिवस गाठायचा असतो. चार दिवस हुकले की वाइन जड आणि सपक. मग रसात टार्टारिक घालावं लागतं. यात लबाडी काही नाही, गरम मुलखात सगळीकडे घालतात. फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले तर तेही याच आम्लाचे क्षार. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. (मी गेले होते, लॅबमध्ये लागायच्या आधी.)

आता दारूचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. लिटरभर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का. तोडणीला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं शेकडा माप) २३ च्या आसपास असेल तर वाइन साधारण १३ टक्क्यांची होते. आंबट म्हणजे कडक आणि गोड म्हणजे हलकी, हा समज सोडा. गोडसर पोर्ट वाइनच्या बाटलीवर कधीकधी साध्या वाइनपेक्षा मोठा आकडा असतो. लेबल वाचा आणि ओतलेल्या मापाने गुणा. १३ टक्क्यांच्या १५० मिली ग्लासात शुद्ध अल्कोहोल १९.५ मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली पेगमध्ये पावणेसव्वीस. आणि ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये तब्बल ५२! ‘मी फक्त बिअरच घेतो’ म्हणणारे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत बरेच भेटतील, त्यांना हा हिशोब ऐकवा.

गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि टेस्टिंगचे चार-पाच घोट ‘जरासेच’ वाटतात. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, तोही काढून ठेवा. सकाळी झणझणीत मिसळ आणि दुपारी रिकाम्या पोटी वाइन, असा बेत केलात तर मात्र खरीखुरी अ‍ॅसिडिटी होईल. त्यात आंबटाबरोबर अल्कोहोलचाही हात असतो, अन्ननलिकेच्या खालची झडप त्याने सैलावते.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आमच्याकडे कोकणात माडी सकाळी गोड, दुपारी चढणारी आणि उद्यापर्यंत नुसती आंबट होते. वाइनही त्याच वाटेने जाते, फक्त सावकाश. मी पहिल्या एप्रिलमध्ये अर्धी बाटली ओट्यावर विसरले होते. आठवड्याने तिचा व्हिनेगर झाला, तो कांद्यावर घालून खाल्ला. चांगला लागला.