मंडळाचा मांडव साडभावाला द्यायचाय? मग असं करा

वस्तीतल्या मंडळाचं काम करताना कधी ना कधी आपल्याच माणसाचं नाव पुढे येतं. कुणाचा भाचा लायटिंगवाला, कुणाचा व्याही केटरर. "व्यवहार स्वच्छ ठेवा" एवढं सगळेच सांगतात. बैठकीत नेमकं कुठं बसायचं ते कुणी सांगत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका गणेश मंडळाचा मी बरीच वर्षं सचिव होतो, आणि मांडवाचा धंदा माझ्या साडभावाचा.

एक गोष्ट आधीच. तुमची गृहनिर्माण सोसायटी असेल तर पुढचं वाचू नका. आदर्श उपविधींप्रमाणे पदाधिकाऱ्याला सोसायटीच्या करारात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवताच येत नाही. काम सोडा नाहीतर पद सोडा.

बाकीच्यांनी दर मागवायच्या आधीच नातं सांगून टाकायचं. दर उघडल्यावर सांगितलं तर ती कबुली वाटते. एक वाक्य पुरे: "अमुक माझा साडभाऊ आहे, या विषयात मी नाही." ते इतिवृत्तात लिहून घ्या. साडभाऊ म्हणजे लांबचं नातं, असं म्हणू नका. करसवलत घेणाऱ्या ट्रस्टसाठी आयकर कायद्यात नातेवाइकांची यादी आहे, तिच्यात बायकोच्या बहिणीचा नवराही बसतो.

तीन बंद पाकिटं, सगळ्यांना एकच माप, तेवढेच दिवस. पाकिटं दुसऱ्याच्या घरी ठेवा.

आता बाहेर जायचं. इथंच मी फसलो होतो. मत देणार नाही म्हटलं, पण "काही विचारायचं असलं तर" म्हणून बसून राहिलो. पाकिटं उघडली आणि प्रत्येक आकड्याला सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी एक जण म्हणाला, "तुमचाच मानूस हाय ना भाऊ, मंग काय पाह्याचं!" झालं, ठराव पास. साडभावाचा दर खरोखरच सगळ्यांत कमी होता, मांडवही पावसात टिकला. तरी पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेलो तेव्हा एका काकूंनी पावतीबुक हातात धरून विचारलं, "हे गणपतीले का साडभावाले?"

म्हणून सांगतो, गप्प बसणं म्हणजे बाजूला होणं नव्हे. उठा आणि पानठेल्यापर्यंत जा. दारात उभं राहिलात तर तुमची सावली आत बसलेलीच असते. जायच्या आधी तीन कामं करा. सचिव असाल तर इतिवृत्ताची वही दुसऱ्याच्या हातात द्या. स्वतःच्या गैरहजेरीत झालेला ठराव स्वतःच लिहिणं हा विनोद आहे. तुमच्याशिवाय गणसंख्या भरते का ते मोजा, नाहीतर ठरावच लटकतो. आणि माहिती द्यायची असेल तर ती कागदावर, तीही सगळ्या मांडववाल्यांबद्दल सारखी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या विषयाला अंगठासुद्धा दाखवू नका. रात्री अध्यक्षांचा फोन येतो, "तुमचं मन काय म्हणते?" मन काहीच म्हणत नाही, असं सांगून फोन ठेवा. निर्मळपणा सिद्ध करायला "माझ्या साडभावाला देऊच नका" म्हणणारेही मी पाहिलेत. ती पण ढवळाढवळच.

मांडव उभा राहिल्यावर माप दुसऱ्याने घ्यावं, बिलावर सही दुसऱ्याची, चेकवरही. नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि उत्सवानंतर हिशेबही द्यावा लागतो. तो कागद तयार करताना या सह्या कामी येतात.

साडभाऊ म्हणाला, "फुकट करून देतो," तरी हेच सगळं करायचं. फुकटच्या मांडवाला फाटक्या ताडपत्रीबद्दल बोलता येत नाही, आणि दुसऱ्या वर्षी दर विचारायचीही चोरी होते.

दरवर्षी नाही, दर महिन्याला असा विषय निघत असेल तर पद सोडा, नुसते सभासद राहा.

राहिलं घर. काम मिळेल असं साडभावाला सांगू नका, आणि तुम्ही बैठकीतून उठून जाणार आहात हे बायकोला आधीच सांगा. मी एकदा सांगायला विसरलो आणि काम दुसऱ्याला गेलं. त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण मेव्हणीकडे होतं.