ऐकायला शिकताय? मग या चुका टाळा

आमच्या सराव-गटात सक्रिय श्रवण, म्हणजे समोरच्याचं लक्षपूर्वक ऐकून आपल्याला काय कळलं ते त्याला परत सांगून पाहणं, शिकायला येणारे बरेच जण हल्ली घरी एआयबरोबर तयारी करून येतात. याला माझा विरोध नाही. लाजऱ्या माणसाला सुरुवात करायला तो चांगला आधार आहे. पण त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता त्या लिहूनच काढते.

एआयशी गप्पा मारल्या म्हणजे ऐकण्याचा सराव झाला, असं समजणं

चॅटबॉटशी नेहमीच्या पद्धतीने बोलताना काय होतं ते पाहा. तुम्ही तुमची अडचण सांगता. तो ती समजून घेतल्यासारखी परत मांडतो, पुढचा प्रश्न विचारतो. ऐकणाऱ्याची जागा त्याच्याकडे असते आणि तुम्ही फक्त बोलत असता. तास-दीड तास बोलून मन मोकळं होईल, पण ऐकण्याचा सराव शून्य.

हा चकवा जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 मध्ये एलायझा हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याचा सगळ्यात गाजलेला अवतार मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलायचा. समोरच्याच्या वाक्यातले शब्द उचलायचे आणि प्रश्न करून परत द्यायचे, एवढंच त्याचं काम. त्याला कशाचाही अर्थ कळत नव्हता, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायला लागले आणि ते पाहून वायझेनबाउम स्वतः अस्वस्थ झाले. आजची एआय मॉडेल्स कितीतरी पुढे गेली आहेत. तरीही कुणीतरी आपलं ऐकून घेतल्याचं समाधान वेगळं आणि दुसऱ्याचं ऐकता येणं वेगळं.

मी भूमिका उलटी करते. एआयला सांगते, ‘तू एक अडचणीत असलेली व्यक्ती हो. खरी गोष्ट लगेच सांगू नकोस. मी सल्ला दिला किंवा घाईने निष्कर्ष काढला, तर विषय बदल. माझं कौतुक अजिबात करू नकोस. शेवटी मी काय ऐकलं ते सांगेन, मग माझ्याकडून काय सुटलं ते तू सांग.’ हे शक्यतो आवाजी संवादातच करावं आणि पडद्याकडे पाठ करून बसावं. लिहिलेलं वर सरकवून पुन्हा वाचता येतं, समोरच्या माणसाचं बोलणं तसं मागे नेता येत नाही. आणि एका बैठकीत एकच प्रसंग घ्यावा. भराभर पाच प्रसंग उरकणाऱ्यांना मी थांबवते, कारण त्यांच्या हाती काही लागत नाही.

आपण बरोबर ऐकलं, हे आपणच ठरवून टाकणं

सगळ्यात जास्त त्रास मला या चुकीचा होतो.

एक तरुण गटात आला तेव्हा त्याची एआयबरोबर भरपूर तयारी झाली होती. वाक्यं तोंडपाठ, आवाज मृदू, नजर समोरच्यावर स्थिर. त्या दिवशी एक ताई नोकरी सोडल्याबद्दल बोलत होत्या. त्यांचं बोलून झाल्यावर हा म्हणाला, ‘म्हणजे इतक्या वर्षांची नोकरी सुटल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय.’ ताई म्हणाल्या, ‘नाही हो, मला तर सुटल्यासारखं वाटलं.’ त्यावर त्याने मान डोलावली आणि त्याच मृदू आवाजात म्हणाला, ‘बरोबर आहे, हे स्वीकारायला वेळ लागतो.’ ताईंनी पुन्हा समजावून सांगितलं. त्याने पुन्हा त्यांच्या दुःखाची दखल घेतली. तिसऱ्या खेपेला ताई ‘हो, असेल तसं’ म्हणून गप्प झाल्या. चर्चेनंतर तो समाधानाने मला म्हणाला, ‘शेवटी त्यांनी मान्य केलं.’

त्याने घरचे सरावाचे संवाद मला दाखवले, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या जवळजवळ प्रत्येक अंदाजावर चॅटबॉटने ‘अगदी नेमकं ओळखलंत’ असं म्हटलं होतं. या मॉडेल्सना घडवताना माणसांनी कोणतं उत्तर जास्त पसंत केलं हेही पाहिलं जातं, त्यामुळे हो ला हो करण्याकडे त्यांचा कल असतो. समोरचा ‘नाही’ म्हणतो तेव्हा काय करायचं, याचा सराव त्याला कधी मिळालाच नव्हता.

यावरचा उपाय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मध्येच मांडला होता. वाद चालू असताना आधीच्या बोलणाऱ्याचे विचार आणि भावना त्याचं समाधान होईल अशा परत मांडायच्या आणि मगच स्वतःचं म्हणणं सांगायचं. पुढे 1957 मध्ये त्यांनी आणि रिचर्ड फार्सन यांनी सक्रिय श्रवणावरची पुस्तिका काढली आणि ही संज्ञा रुळली. लोक त्यातलं परत मांडणं तेवढं उचलतात. ‘त्याचं समाधान होईल अशा’ हा भाग गळतो, आणि माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे. नीट ऐकलं गेलं की नाही, हे बोलणाराच सांगू शकतो.

म्हणून माझ्या गटात ‘बरोबर ना?’ असं विचारायला बंदी आहे. त्यावर माणसं भिडेखातर ‘हो’ म्हणतात. ‘यात काय सुटलं?’ असं विचारायचं. आणि दुरुस्ती आली की आपलं पहिलं वाक्य सोडून द्यायचं, त्याचं समर्थन करायचं नाही. पाठ केलेल्या वाक्यांच्या यादीने हे जमत नाही. तयार वाक्यं मागणाऱ्या नवशिक्यांना मी ती देत नाही.

‘मनात उत्तर तयार करू नका’ या सल्ल्याच्या मागे लागणं

हा सल्ला अंमलात आणताच येत नाही. 2009 मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सर्वसाधारणपणे 200 मिलिसेकंदांच्या आसपास भरलं. एखादा शब्द मनात जुळवून उच्चारायला मात्र 600 मिलिसेकंद तरी लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार होत असतं. ते होऊ द्या, फक्त लगेच बाहेर काढू नका. समोरचा थांबला की मी एक पूर्ण श्वास घेते. निम्म्या वेळा तो माणूसच पुढे बोलू लागतो आणि महत्त्वाचं बरंचसं त्यातच असतं. हा सराव माणसांबरोबरच करा. आवाजी एआय बरेचदा शांततेलाच तुमचं बोलणं संपल्याची खूण समजतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना थांबण्याऐवजी न थांबण्याची सवय लागते.

काही किरकोळ, पण रोजच्या

‘माझंही अगदी असंच झालं होतं’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत नको.

न मागितलेला सल्ला नको.

गटात ऐकलेली दुसऱ्याची खासगी गोष्ट ‘विश्लेषणासाठी’ चॅटबॉटमध्ये टाकू नका. यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

एआय टिपण काढतोय म्हणून कान बंद करणं

एका गटाने आपल्या चर्चांचा सारांश काढायचं काम एआयवर सोपवलं. बैठकीची वेळ बदलण्यावर बोलणं झालं आणि सारांशात आलं, ‘सर्वांचं एकमत.’ मी त्या दिवशी निरीक्षक म्हणून बसले होते. एका बाईंनी दोनदा बोलायला तोंड उघडलं होतं. एकदा, ‘पण मला संध्याकाळी...’ आणि पुन्हा, ‘नाही, म्हणजे माझं...’ दोन्ही वेळा दुसऱ्या कुणीतरी त्यांचं वाक्य आपल्या मनाने पुरं केलं. हे अर्धवट तुकडे शब्दशः नोंदीत होते, सारांशात गळले. यंत्राने मुद्दे गोळा केले आणि पुरा झालेला मुद्दा त्या बाईंचा एकही नव्हता. पण खोलीतल्या माणसांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. टिपण आपोआप होतंय म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले होते.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीत आम्ही आळीपाळीने एकाला वही देतो. त्याने चर्चेत भाग घ्यायचा नाही आणि मुद्देही लिहायचे नाहीत. फक्त तुटलेली वाक्यं टिपायची: कोण बोलत होतं, कुठे थांबलं. शेवटची दहा मिनिटं त्या वहीची. वाक्य वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘पुढे काय म्हणत होतात?’ कुणी ‘काही नाही, राहू दे’ म्हटलं, तर आग्रह करायचा नाही. वाक्य वहीत उघडं ठेवायचं आणि पुढच्या बैठकीत पहिल्यांदा त्यांनाच बोलायला द्यायचं.